मापाचं पोलकं

पाठीवरचा पहिला हूक लागला. दुसरा लागला नाही. खालचे तर एकमेकांपासून इतके लांब राहिले की मधून वृषालीचा पांढरा परकर दिसत होता. शुभांगीने दोन्ही बाजू मुठीत धरून पुन्हा ओढल्या.

"श्वास आत घे."

"घेतला."

"अजून घे."

"अजून घेतला तर गाऊ कशातून? कानातून?"

भिंतीला टेकून बसलेल्या पोरी फिसकन हसल्या. त्यांचे पोशाख झाले होते, अंगावर नीट बसले होते, आणि आता त्यांना दुसऱ्याची फजिती बघायला मोकळा वेळ होता.

तामसीच्या विहारामागचं हे सभागृह. लग्नाची जेवणं इथेच, जयंतीची भाषणं इथेच आणि मंडळाच्या नाटकांच्या तालमीही इथेच. यंदाचं नाटक होतं 'बोंडराणी'. नागोराव सरांनी स्वतः लिहिलेलं, गाण्यांनी भरलेलं. कापसाच्या झाडाची गोष्ट. रोपटं येतं, पाऊस येतो, अळी येते, वेचणाऱ्या बाया येतात आणि शेवटी पिकून फुटलेलं बोंड राणी होऊन रंगमंचावर येतं. सगळी मोठी गाणी तिची. येत्या रविवारी दुपारी आदिलाबादच्या सभागृहात प्रयोग होता, आणि तालुक्यातालुक्यांतून आलेली मंडळं तो बघायला बसणार होती.

राणी वृषाली होती. ती आदिलाबादला इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती, रोज बसने जायची-यायची. अंगाने चांगलीच जाड होती आणि आवाज असा की माईक नसताना तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलात पोचायचा. सरांनी आवाज ऐकून तिला घेतलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. पोशाख शिवून येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

पोशाख शुभांगीने आखला होता. ती नागपूरला शिवणकाम आणि डिझाइन शिकून आलेली; मंडळातल्या पोरी तिला ताई म्हणत आणि तिच्या जिभेला घाबरत. तिने काढलेलं चित्र भिंतीला चिकटवलेलं होतं. तपकिरी सॅटिनचा गळ्यापासून घोट्यापर्यंतचा अंगाबरोबरचा झगा, पाच पाकळ्या उभ्या जोडून केलेला, कमरेशी एवढासा. चित्रातली बाई चरख्याच्या बारीक चातीसारखी होती.

"बोंडराणी नाही वं ही," वेचणाऱ्यांमधली रुपा म्हणाली. "गठाण आहे. जिनिंगमधून थेट उचलून आनली."

आता सगळ्याच हसल्या. आदिलाबादच्या कापूसबाजारात दाबून बांधलेल्या कापसाच्या गठाणी सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या.

"गठाण उचलाले चार हमाल लागतात, रुपा," वृषाली मान न वळवता म्हणाली. "तुले उचलाले एक बगळा पुरते."

"बस करा!" शुभांगीने हात सोडले. झगा दोन्हीकडे फाकला. "हे नाही बसणार. मी काय जादू करू? कापड संपलं, मंजूर झालेले पैसे संपले."

वृषाली वळली. "तू मुद्दाम लहान शिवलं."

"काय?"

"पैल्या दिवसापासून तुले प्रीतीच पायजे होती राणी. 'डिझाइन तिच्या अंगावर उठून दिसेल' असं तूच म्हणाली होती सरांले. मी दाराशीच होते."

प्रीती म्हणजे अळीचा नाच करणारी सडपातळ पोर. ती चिडून उठली. "मले मधात घेऊ नको हं. मी मागतली का राणी?"

"मुद्दाम?" शुभांगीचा आवाज चढला. चिडली की तिचं नागपूरहून आणलेलं पुस्तकी बोलणं गळून पडायचं. "मुद्दाम शिवलं? थांब. थांब तू."

तिने कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं. तामसीत अंगाला टेप लावून माप घ्यायची पद्धत नाही. मापाचं पोलकं द्यायचं. घरातून एखादं बेताचं बसणारं पोलकं किंवा कुर्ती शिवणाऱ्याकडे जाते, त्यावरून कापड बेतलं जातं आणि नव्याबरोबर जुनंही परत येतं. शिवणारी बाई असली तरी पद्धत तीच. गाठोड्यात सगळ्या पोरींच्या घरून आलेली पोलकी होती. शुभांगीने त्यातलं एक हिरवं उपसलं आणि वृषालीच्या तोंडावर फेकलं.

"हे तुह्या मापाचं. बोट इकडं की तिकडं केलं असंन तर माही कात्री मोडून फेकीन."

वृषालीने ते झेललं. उलटं केलं. डाव्या काखेत लाल दोऱ्याचे टाके होते. हिरवा दोरा सापडत नव्हता म्हणून घाईत घातलेले. आठवीत असताना लेझीमच्या वेळी तिनेच फाडलं होतं ते, आणि त्यानंतर तिच्या अंगात ते एकदाही शिरलं नव्हतं.

"हे कोनं देल्लं?"

"कोण देईल? रंजीताकाकूनं. तुह्या मायनं. सोता आनून देल्लं."

सभागृहात कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं, असं वृषालीला वाटलं.

"टेप गळ्यात घालून फिरतेस," ती शेवटी म्हणाली. "एकदा लावून पायली असती."

"मायनं माप देल्यावर मी टेप लावू? म्हंजे काकूवर इश्वास नाही असं होते. मंग तुमीच येसान भांडाले."

नागोराव सर इतका वेळ पेटीजवळ बसून होते. प्राथमिक शाळेत पंचवीस-तीस वर्षं पोरं सांभाळलेला माणूस. त्यांना आरडाओरडा चालत असे, अनिश्चितता चालत नसे. ते उठले, झगा बघितला, प्रीतीकडे बघितलं.

"प्रीती, घालून बघ."

प्रीतीला तो जरासा सैल झाला, पण हूक सगळे लागले.

"ठरलं," सर म्हणाले. "प्रीती राणी. वृषाली विंगेतून गाईल. पांढऱ्या पडद्यामागं उभं राहायचं, हातात माईक. प्रीतीनं ओठ हलवायचे. प्रेक्षकांना काय कळतं?"

"सर, राणी मी आहे."

"आवाज तुझाच आहे की. तो कुठं काढून घेतला?"

"आन् मी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ पोरी. मागल्या साली आपलं नाटक उभं राहिलं तेव्हा पहिल्या प्रवेशाला हसले लोक. आपली भाषा ऐकून हसले. यंदा मला कोणाला कारण द्यायचं नाही. मी लोकांना ओळखतो."

वृषालीने हिरवं पोलकं मुठीत गोळा केलं आणि ती घरी गेली.

*

रंजीताबाई मंडल कार्यालयात, म्हणजे तहसिलीत कारकून होत्या. अंगाने काटकुळ्या, साडीची घडी कधी न मोडणाऱ्या. वृषालीचे वडील नेरडीगोंड्याच्या शाळेवर होते आणि सुट्टीलाच घरी येत. त्यामुळे घरात बोलणं व्हायचं ते दोघींमध्येच, आणि भांडणही.

त्या भात उपसत होत्या. वृषालीने पोलकं त्यांच्यापुढे ओट्यावर टाकलं.

"हे काऊन देल्लं?"

रंजीताबाईंचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "हेच हाताशी लागलं."

"खोटं. हे पेटीच्या तळाशी होतं. मोठं पोलकं दांडीवर होतं."

"मंग काय करू? ते मोठं नेऊन देऊ त्या शुभांगीपुढं? अख्ख्या पोरींमधात ते उलगडून ठेवते ती, टेबलावर. सगळ्यायचे इतके-इतके, आन् तुहं ते..." त्यांनी डाव हवेत रुंद फिरवला. "उन्हाळ्यात वंदनाच्या लग्नाले शिवाले टाकलं तवा काय झालं, विसरली तू?"

वृषाली विसरली नव्हती. मावसबहिणीच्या त्या लग्नाआधी आदिलाबादच्या शिंप्याने दुकानभर गिऱ्हाइकं असताना माप मोठ्याने वाचलं होतं, मग पोलकं दोन हातांनी वर धरून विचारलं होतं, 'हे कोनाचं, बाई? आजीचं का?' दुकानातल्या बाया वळून वळून बघत होत्या. आई तेव्हा म्हणाली होती, 'हो. आजीचं.' वृषाली शेजारीच उभी होती.

"मले वाटलं," रंजीताबाई म्हणाल्या, "नाटकापर्यंत उतरशीन."

वृषालीने ताटाकडे बघितलं. एक मूठ भात, पातळ वरण. गेले कितीतरी दिवस ताट असंच होतं. विचारलं तर आई म्हणायची, तांदूळ संपत आला. डबा तांदळाने भरलेला होता. वृषालीने झाकण उघडून पाहिलं आणि आदळलं.

"म्हनून उपाशी ठेवून राह्यली मले? त्या चिंधीत कोंबाले?"

"उपाशी कायची? दोन घास कमी. तुह्याच भल्यासाठी."

"तालमीत माहे पाय लटलट कापत होते आई. मले वाटे मी आजारी आहे."

"आवाज खाली कर. शेजारी आयकतात."

"आयकू दे! आवाजच तर पायजे सगळ्यायले माहा. बाकीची मी नको."

तिने ते ताट बाजूला सारलं. मग रागातच उठली, पातेल्यातला भात स्वतःच्या हाताने वाढून घेतला आणि उभ्याने खाल्ला, आईकडे बघत. रंजीताबाईंनी हिरव्या पोलक्याची घडी घातली आणि ते पुन्हा पेटीत ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशीच्या तालमीला वृषाली पडद्यामागे उभी राहिली. पडदा मांजरपाटाचा, जाड, पांढराशुभ्र. सरांनी तो खास या नाटकासाठी घेतला होता. पलीकडे प्रीती राणी होऊन उभी होती. पेटी सुरू झाली.

राणीचं पहिलं गाणं असं होतं:

उन्हात पिकले, वाऱ्यात डुलले,
मावेना आता मी माझ्या सालीत.

वृषालीने पहिली ओळ सरळ म्हटली. दुसरीत 'मावेना'वर थांबली आणि सूर लांबवत नेला, ठरला होता त्यापेक्षा कितीतरी लांब. प्रीतीने तोंड मिटलं, सूर चालूच. घाईने उघडलं, तर सूर थांबला. वेचणाऱ्या बाया लोटपोट झाल्या.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा तेच झालं. या वेळी वृषालीने ओळ मध्येच तोडली. प्रीती एकटीच मासोळीसारखी तोंड उघडत राहिली.

प्रीतीने पडदा बाजूला फेकला. तिचे डोळे भरले होते. "मले काय हौस आहे काय तुह्या आवाजावर तोंड हालवाची? कालपासून माह्या घरचे म्हनतात, दुसऱ्याच्या गाण्यावर राणी झाली! मले अळीच बरी होती. निदान नाच माहा होता."

"मंग सांग ना सरांले."

"तू सांग. तुहं तोंड मोठं आहे."

"सर," वृषाली पडद्याच्या कडेला येऊन उभी राहिली. "गाणं तुमीच लिहिलं. 'मावेना आता मी माझ्या सालीत.' हे असं लिहिलं, आन् राणी त्या सालीत मावली नाही तर तिले हाकलता?"

सरांचा चेहरा क्षणभर बदलला. मग जास्तच कठीण झाला. लहान पोराने वर्गात चूक दाखवल्यावर मास्तरांचा होतो तसा.

"ते काव्य आहे. उलट बोलू नकोस." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "तुला हेही सांगून ठेवतो. मागच्या आठवड्यात तू चारही गाणी सलग म्हटली होतीस, ती मी यात भरून घेतली आहेत. स्वच्छ आली आहेत. रविवारी हीच लावू. तू आलीस तर ठीक. नाही आलीस तरी नाटक होतं."

त्यांनी मोबाईल स्पीकरला जोडला. सभागृहात वृषालीचा आवाज भरला. प्रीतीने ओठ हलवायला सुरुवात केली, आणि आता सूर कुठेच चुकत नव्हता, कारण भरून घेतलेला सूर रागावत नाही.

वृषाली बाहेर येऊन पायरीवर बसली. आतून तिचाच आवाज येत होता. रस्त्यापलीकडे हॉटेलवाला चहा गाळता गाळता मान डोलावत होता.

तेवढ्यात रंजीताबाई कार्यालयातून परतताना विहारापाशी आल्या. आवाज त्यांनी लांबूनच ओळखला होता. पाऊल जरा हलकं झालं होतं; आज आत जाऊन पोरीचं गाणं ऐकावं, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. पायरीवर वृषाली बसलेली बघितली आणि त्या जागीच उभ्या राहिल्या. गाणं चालूच होतं. त्यांनी वृषालीच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं, मग दारातून आत. आत प्रीती हात पसरून उभी होती.

"हे कोन गाऊन राह्यलं?"

"मीच," वृषाली म्हणाली. "मी लागतच नाही आता गायाले. तू देल्लेल्या मापात सगळं बसलं बघ. फक्त मी राहिली."

रंजीताबाईंनी पिशवी पायरीवर ठेवली. त्या घराकडे वळल्या. वृषालीला वाटलं, नेहमीसारखी तोंड लपवायला गेली. पण त्या परत आल्या. चालताना पदर घसरला होता आणि त्यांनी तो सावरला नव्हता. हातात वंदनाच्या लग्नातलं ते मोठं जांभळं पोलकं होतं.

त्या सरळ आत गेल्या. मोबाईलमधलं गाणं कोणीतरी बंद केलं. शुभांगीच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून त्यांनी पोलकं उलगडलं, बाह्या पसरल्या, दोन्ही तळहातांनी ते सपाट केलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"हे माह्या पोरीचं माप. मी खोटं देल्लं होतं. पाहून घ्या सगळ्या, पोट भरून पाहून घ्या. कोनाले हसायचं असन तर आताच हसा, माह्या तोंडावर."

रुपाने मान खाली घातली. पण तिच्या शेजारचीला हसू आवरलं नाही, आणि रंजीताबाई तिच्याकडे ती गप्प होईपर्यंत बघत राहिल्या.

"काकू, आता याचा काय उपयोग?" शुभांगी म्हणाली. तिच्या आवाजात कीव नव्हती. "तुम्ही खोटं माप दिलं, माझं काम वाया गेलं, आणि काल तुमच्या पोरीनं मलाच चोर ठरवलं. रविवार तोंडावर आहे. कापड नाही. काय करू मी?"

"उसव," वृषाली दारातून म्हणाली.

"उसवते! घे, उसवते!" शुभांगीने प्रीतीला झगा काढायला लावला, ब्लेड उचललं आणि पाकळ्यांचे जोड एकामागून एक फाडत नेले. दोरे उडत होते. "घाल! घाल आता हे. पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसशील, बघ मग."

वृषालीने झगा परकर-पोलक्यावर चढवला. गळ्यापाशी आणि कमरेखाली पाकळ्या अजून जोडलेल्या होत्या. मध्ये त्या सुट्या झाल्या होत्या आणि तिच्या अंगावर आपापल्या बाजूला सरकल्या होत्या. प्रत्येक दोन पाकळ्यांच्या मधून आतलं पांढरं पोलकं दिसत होतं. तिने चिडून केस बांधायला हात वर केले, आणि पाकळ्या आणखी फाकल्या.

शुभांगीचं ब्लेड हातातच राहिलं. ती कापसाच्या वावरात वाढलेली होती. फुटलेलं बोंड कसं दिसतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी चित्र काढताना तिने शहरातली सडपातळ बाईच काढली होती.

"हात खाली करू नको," ती म्हणाली.

"काऊन?"

"नको म्हटलं ना. तशीच राह्य." ती वृषालीभोवती एक फेरी मारून आली. मग तिने वळून पांढऱ्या पडद्याकडे बघितलं. विंगेतला, जाड, मांजरपाटाचा. ज्याच्यामागे वृषाली उभी राहायची होती तो.

"शुभांगी," नागोराव सर म्हणाले, "त्या पडद्याला हात लावायचा नाही."

कात्री पडद्यात शिरली होती.

सर ओरडले. मंडळाचा माल आहे, नवा आहे, परवानगी कोणाची, विंग कशाने झाकायची. शुभांगी कापत राहिली. "विंगेत आता कोणी उभंच राहत नाही सर. मंग झाकायचं काय?" तिने पट्टे केले, प्रत्येक जोडात एक घातला, वर चुण्या देऊन फुगवला. या वेळी टेप गळ्यातून काढला आणि वृषालीला न विचारता तिच्या अंगाभोवती लावला. थंड टेपने वृषाली दचकली. शुभांगीने आकडा मोठ्याने म्हटला नाही, हळूही म्हटला नाही. फक्त कापडावर खडूने खूण केली.

"माफी मागीन असं समजू नको," दातांत टाचण्या धरून ती पुटपुटली. "तू मले चोर ठरवलं."

"मी बी नाही मागनार. तू माह्या तोंडावर पोलकं फेकलं."

"सरळ उभी राह्य."

झगा पुरा झाला तेव्हा सरांनी शेवटचा उपाय म्हणून तो पुन्हा प्रीतीला घालायला लावला. तो तिच्या खांद्यांवरून गळून खाली आला. प्रीतीने तो आनंदाने पायांतून काढला आणि वृषालीकडे फेकला. "घे तुहा. मी चालली अळी व्हाले."

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. "लोक हसतील," ते म्हणाले. "तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका."

*

आणि लोक हसले.

रविवारी दुपारी सभागृह भरलेलं होतं. मराठी, तेलुगू, उर्दू असा सगळा गलका. आवाजाची व्यवस्था बघणारा माणूस विंगेत येऊन विचारत होता, "कॉलरवाला माईक किसको लगाऊँ? सर कुछ बोलते नहीं." सर पेटीशी बसून समोर बघत होते. वृषालीने हात पुढे करून माईक घेतला.

रोपटं आलं, पाऊस झाला, प्रीतीच्या अळीला टाळ्या पडल्या. मग राणी आली.

मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "गठाण आली रे गठाण! लारी लावा!"

हसण्याची लाट मागून पुढे आली. पुढच्या रांगेतल्या शालवाल्या पाहुण्यांनीही रुमाल तोंडाला लावले. पेटीने सुरावट दिली. वृषालीने सूर उचलला नाही. सुरावट एक फेरा घेऊन पुन्हा सुरुवातीला आली. हसू वाढलं. प्रेक्षकांत बसलेल्या रंजीताबाईंकडे तिची नजर गेली. आईच्या शेजारची बाई आईच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होती, आणि आई त्या गलक्यातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हो, माही पोरगी आहे. काऊन?"

"हात वर कर!" विंगेतून शुभांगी फिसकारली. "हात वर केल्याबिगर पाकळ्या उघडत नाहीत, मूर्खे!"

वृषालीने हात वर केले. तपकिरी पाकळ्या फाकल्या आणि मधला पांढरा कापूस दिव्याखाली एकदम बाहेर आला. ज्यांनी आयुष्यभर वावरात हे बघितलं होतं अशा काही म्हाताऱ्या बायांच्या तोंडून नकळत 'आहा' निघालं. मागची पोरं मात्र हसतच होती. वृषाली त्या पोरांकडे बघून गायला लागली.

उन्हात पिकले, वाऱ्यात डुलले,
मावेना आता मी माझ्या सालीत.

'मावेना'वर तिने सूर लांबवला. सरांनी चमकून वर बघितलं; पण पेटी सोडली नाही, तिच्याबरोबर धरून ठेवली. हसणारे हसत राहिले. फक्त आता त्यांना एकमेकांचं हसू ऐकू येत नव्हतं.

पडदा पडल्यावर सर तिच्याजवळ आले. "दुसऱ्या कडव्यात घाई केलीस," ते म्हणाले.

"हो सर."

"'मावेना' एवढं लांबवायचं ठरलं नव्हतं."

"नाही सर."

त्यांनी झग्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "पडद्याचं काय करायचं ते मंडळ बघेल," आणि गेले.

रुपा जवळून जाताना म्हणाली, "गठाणे, बरी गायली."

"जाय वं बगळ्याची शिकार."

*

तामसीच्या बसला वेळ होता. रंजीताबाई स्टँडकडे न वळता बाजाराच्या रस्त्याला लागल्या. वृषाली मिरची भजी खात मागून चालत होती. भजी आईनेच घेऊन दिली होती, न मागता. कुठे चाललो, असं तिने एकदाच विचारलं. आई पुढेच चालत राहिली.

दुकान ओळखीचं निघालं. तोच शिंपी, तसंच गिऱ्हाइकांनी भरलेलं. रंजीताबाई बायांमधून वाट काढत पुढे गेल्या आणि पिशवीतून जांभळं पोलकं काढून त्यांनी काउंटरवर उलगडलं. त्याच्यावर नवं कापड ठेवलं.

"याच्या मापानं शिवाचं."

शिंप्याने पोलकं ओळखलं नाही. दोन्ही हातांनी वर धरलं. "कोनाचं, बाई? आजी..."

"आजी मेली माही कवाचीच," रंजीताबाई म्हणाल्या. "हे माह्या पोरीचं. ही उभी हाय." त्यांनी मागे हात करून वृषालीचा दंड पकडला आणि तिला पुढे ओढलं. वृषालीच्या हातातलं अर्धं भजं खाली पडलं. दुकानातल्या बाया वळल्या.

शिंप्याने टेप काढला, पोलकं मापलं आणि आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत पेन्सिल उचलली.

"आयकू नाही आलं," रंजीताबाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."